नंबर कुठला, तेही लिहा

मुनीर शेख यांचे सहा आठवड्यांपूर्वी, गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता, धाराशिव येथील राहत्या घरी निधन झाले. वय त्र्याहत्तर. आमच्या जिल्हा दैनिकाचे ते बावीस वर्षे संपादक होते.

ते मूळचे येडशीचे. स्टेशनजवळ वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दहावीनंतर ते धाराशिवच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले, तिथून मुद्रितशोधक, मग कोर्टाच्या बातम्या करणारे वार्ताहर आणि चाळिशी ओलांडल्यावर संपादक. उलटी अक्षरे वाचायची सवय छापखान्यातली. अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला कागद ते समोर बसून, चहा पिता पिता वाचत. विशेषणे त्यांना चालत नसत. ‘दुःखद निधन’ असे मी लिहिले की ‘दुःखद’वर रेघ मारून विचारत, “सुखद कुणाचं झालंय का आजवर, देशमुख?”

सत्तावीस वर्षांपूर्वी मी दैनिकात उपसंपादक होतो, नोकरीला चार महिने झाले होते. गावोगावच्या वार्ताहरांची पाकिटे तेव्हा एसटीच्या कंडक्टरबरोबर येत. एका संध्याकाळी अणदूरच्या पाकिटात निवृत्त शिक्षक बिराजदार गुरुजी यांच्या निधनाची बातमी निघाली. घरी फोन करून खात्री केल्याशिवाय निधनवार्ता लावायची नाही, असा शेखसाहेबांचा नियम होता. पान भरत आले होते. मी फोन केला नाही. साहेबांनी विचारले तेव्हा म्हणालो, “लावला होता सर, लागला नाही.” त्यांनी क्षणभर पाहिले… आणि बातमी जाऊ दिली.

गुरुजी जिवंत होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी “घरी न्या” म्हणून सांगितले होते. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ घेतात. गाडी गावात शिरायच्या आधीच ओट्यावर माणसे जमली, दुकाने अर्धी बंद झाली, आणि वार्ताहराने पाकीट बसमध्ये टाकले. गाडीतून उतरल्यावर गुरुजींनी पाणी मागितले, तोवर बस तुळजापूरला पोचली होती.

सकाळी अणदूरहून निरोप आला. साहेब मला म्हणाले, “चला.” उमरग्याच्या गाडीने आम्ही निघालो. नोकरी गेली, हे मी धरून चाललो होतो. आम्ही पोचलो तेव्हा गुरुजी बाजेवर उशीला टेकून आमचेच दैनिक वाचत होते.

“या संपादक,” ते म्हणाले. “एक वाजता अंत्यविधी छापलाय तुम्ही. आत्ता अकरा वाजलेत. लई लवकर आलात.”

साहेबांनी हात जोडले. “गुरुजी, चूक झाली. माफी मागायला आलोय.”

“माफी माझ्या पोरीची मागा. पेपर वाचून लातूरहून रडत निघाली असंल ती.” मग पान उलटून म्हणाले, “बाकी, ‘विद्यार्थिप्रिय’ लिहिलंय ते राहू द्या. जिवंतपणी कुणी म्हणालं न्हाय.”

गुरुजींच्या पत्नी चहा घेऊन आल्या. साहेबांनी त्यांना विचारले, “मावशी, मुलीला निरोप द्यायचा होता. फोन कुठं आहे?”

“आमच्यात कुठला फोन, साहेब? पिठाच्या गिरणीत जावं लागतं. रातच्याला ती बी बंद.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. चहा संपवला, गिरणीत जाऊन लातूरला फोन केला. मुलगी निघून गेली होती. ती येईपर्यंत आम्ही थांबलो. तीन वाजता ती आली. वडिलांना पाहून उंबऱ्यातच बसली, बराच वेळ उठली नाही. साहेब तिच्यासमोर उभे राहून माफी मागत होते, मी त्यांच्या मागे उभा होतो. ती म्हणाली, “एक फोन तर करायचा होता, भाऊ.” साहेब म्हणाले, “करायला पाहिजे होता.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुरुस्तीची चौकट आली. शेवटची ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती : ही चूक संपादकाची आहे. कार्यालयात माझे नाव कुणाला कळले नाही. मालकांनी त्यांना बोलावून घेतले. आत काय बोलणे झाले, ते त्यांनी सांगितले नाही. त्या आठवड्यात निधनवार्तेसाठी छापील चिठ्ठ्या आल्या. सांगणारा कोण, नाते काय, किती वाजता विचारले. खाली शाईपेनाने त्यांनी चौथी ओळ वाढवली होती : नंबर कुठला. ही ओळ पुढे कधी छापून घेतली नाही. प्रत्येक गठ्ठा आला की ते हातानेच लिहीत. निवृत्त झाले तेव्हा माझ्या टेबलावर चौथी ओळ लिहिलेला एक पूर्ण गठ्ठा होता. त्या फोनबद्दल आम्ही दोघे कधीच बोललो नाही… गुरुजी आणखी सहा वर्षे जगले. त्यांची खरी निधनवार्ता मीच लावली, गिरणीत फोन करून.

गुरुजी गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. सहा आठवड्यांपूर्वी त्या गुरुवारी सातच्या आधीच साहेबांची बातमी मोबाइलच्या ग्रुपवर फिरत होती. एका ग्रुपवर ‘सोलापूरच्या दवाखान्यात’ असे होते, दुसऱ्यावर ‘पहाटे चार वाजता’. कार्यालयातून तरुण सहकाऱ्याचा फोन आला. “सर, वेबसाइटवर टाकू का? सगळ्यांना माहितीये.”

“थांब,” म्हणालो.

साहेबांच्या घरी फोन लावला. मुलगा अझहर बोलला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, “लिहून घ्या काका. मी मुलगा. घरीच गेले, सव्वासहाला. मी जवळ होतो.”

कार्यालयात जाऊन गठ्ठ्यातली चिठ्ठी भरली. सांगणारा, अझहर शेख. नाते, मुलगा. विचारल्याची वेळ, सात वाजून बावीस मिनिटे. दफनविधी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर. नंबर, घरचा. पहिल्या रिंगला उचलला.