अंगठी सांभाळणारीची मुलगी

ऱ्हाइनकाठच्या त्या गावात यहुद्यांची चाळीस घरं होती आणि लग्नाची अंगठी एकच. सोन्याची, वर इवलंसं घर घडवलेलं. ती बेलेटच्या आईकडे, झोर्लिनकडे असायची. वधूच्या बोटात घालायची वस्तू वराच्या मालकीची हवी, म्हणून दर लग्नात झोर्लिन दोन साक्षीदारांसमोर ती वराला बक्षीस द्यायची. लग्न लागलं की नवी नवरी ती तशीच परत बक्षीस करायची.

एकदा एका नवरदेवानं डोळे मिचकावत विचारलं, "मावशी, आम्ही नाहीच परत केली तर?"

"तर मी तुमच्याकडे राहायला येईन. आणि मी घोरते हो!"

त्या हिवाळ्यात नदीच्या वरच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या. यहुद्यांनी विहिरींत विष कालवलं, त्यातूनच मरी आली, असं म्हणत लोक माणसं जाळत होते. एका सकाळी बेलेट भट्टीवरून पाव घेऊन आली, तर आईच्या नखांत चुना होता आणि पेटीत अंगठी नव्हती.

"कुठे ठेवलीस?"

"घरातच आहे."

"घरात कुठे? महिन्यावर लग्न आलंय माझं, आई."

"त्या दिवशी काढीन की."

"आणि तू नसलीस तर?"

झोर्लिन हात धूत राहिली. "वरच्या गावात ज्यांना ठाऊक होतं, त्यांची बोटं मोडली मेल्यांनी. तुला ठाऊकच नसेल तर तुझ्याकडून काय काढून घेतील? जा, मोजे घाल आधी. पाय बघ किती गार पडलेत."

बुधवारी तिनं बेलेटला नदीपलीकडे मावशीकडे धाडलं. नावेत चढताना बेलेटनं पुन्हा विचारलं. आई एवढंच म्हणाली, "डोकं झाक."

शुक्रवारी यहुद्यांची अख्खी गल्ली जाळली गेली. आई गेली, ठरलेला नवरा गेला.

पलीकडच्या अधिकाऱ्यानं बेलेटला दोन दिवस कोंडून, अंगठी कुठे आहे, हेच पुन्हा पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "हिला खरंच काही माहीत नाही," आणि त्यानं तिला सोडून दिलं.

गल्लीतली सात माणसं वाचली होती. त्यांना मात्र ते पटेना. "पोटची पोर तू. तुला न सांगता गेली होय ती?" कुणी म्हणे, एकटीनं गिळायचीय हिला. एकदा कोंबडी सोलता सोलता मावशीही हळूच म्हणाली, "मला तरी सांग गं. मी कुणापाशी बोलणार नाही."

आईचा विषय निघाला की अंगठीचा निघायचा. म्हणून बेलेटनं आईचं नाव काढणंच सोडलं. फारच भरून आलं, तर धुणं नसलं तरी चार फडकी घेऊन ती नदीवर जायची.