अंबाडा घातलेली अमेरिकन देवी

आमच्या ह्यांना भांडता येत नाही. ते गप्प बसतात. आणि ते गप्प बसले की प्रेम नगरमधलं आमचं अख्खं घर खायला उठतं.

ह्या वेळचं निमित्त एक नाणं. ह्यांना जुन्या अमेरिकन तांब्याच्या नाण्यांचं वेड. पुस्तकं ढीगभर, नाणं मात्र एकच: हे निवृत्त झाले तेव्हा अमेरिकेतल्या धाकट्या भावाने दिलेला अर्धा सेंट. बाजारात चालवायचा नव्हे, हौशी लोकांसाठी आरशासारखा गुळगुळीत पाडलेला. प्रूफ म्हणतात त्याला. त्यातही हा रीस्ट्राइक, म्हणजे टांकसाळीनेच मागाहून पुन्हा पाडलेला. पहिल्या खेपेला पाडलेलं मूळचं नाणं ग्वाल्हेरच्या एका स्नेह्यांकडे आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायची, एवढीच ह्यांची इच्छा. रविवारी ते स्नेही येणार होते.

शनिवारी ह्यांनी नाणं उन्हात बघायला व्हरांड्यात आणलं आणि फोन वाजला म्हणून ताटलीत ठेवून आत गेले. तिथेच सासूबाई नवरात्र आलं म्हणून देवघरातली तांब्याची भांडी घासत बसलेल्या. शेजारच्या ताटलीत त्यांना दिसली काळपट तांब्यावरची अंबाडा घातलेली बाई, भोवती चांदण्या. त्यांना वाटलं, आपल्या देवघरातला कुलदेवीचा टाकच हा! अगंबाई, काय ही दशा! चिंच आणि मीठ लावून त्यांनी देवीला असं घासलं की ती नव्या घागरीसारखी गुलाबी झाली.

"बघ रे, कशी हसायला लागली!" म्हणत त्यांनी ती लेकाच्या हातात दिली.

जुन्या तांब्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. वर्षानुवर्षं चढलेली काळपट झाक हीच त्याची किंमत, ती गेली ती गेलीच. ह्यांनी नाणं डबीत घातलं आणि तोंड मिटलं. जेवताना आईंनी विचारलं, "चुकलं का रे काही?" हे हात धुवायला उठले. असा संताप आला मला! नाणं तर गेलंच, आता आईलाही तोडणार का हा माणूस?

रविवारी स्नेह्यांनी डबी उघडली आणि त्यांचा चेहराच पडला. "अरे भाईसाहब, ये किसने किया?"

"मैंने," आई दारातून म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "मला आताशा कुणी काही सांगतच नाही रे. विचारलं तरी नाही."

हे ताडकन उठले. खुर्ची ओढून आईंना बसवलं, हातात भिंग दिलं, दोन्ही नाणी पुढ्यात ठेवली. "हे बघ आई, मागच्या बाजूला पानांचं कडं आहे. ज्यात फळं मोठी, ते मूळ. आपल्यात बारीक आहेत. पुन्हा पाडताना टांकसाळीने पुढचा ठसा जुनाच वापरला, मागचा नंतरचा."

आईंनी दोन्ही नाण्यांवरून भिंग फिरवलं. "पण पुन्हा पाडलं कशाला?"

"लोकांना हवं होतं. हौस."

"म्हणजे टांकसाळीने हौसेखातर जुन्याचं नवं केलं तर तुम्ही डबीत जपणार, आणि मी केलं तर अबोला!"

"माताजी की बात में दम है," स्नेही म्हणाले. ह्यांना असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी नुसतं हसण्याचं राहिलं नाही. आईंनी साठी उलटलेल्या लेकाचं तोंड पदराने पुसलं.