लॅपटॉपातली काडी

केनवडला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. मोटार टेबलावर आली की माझा पहिला सवाल ठरलेला, "काडी घातली का?" व्होल्टेज कमी झालं की स्टार्टर मोटार बंद पाडतो, ती जळू नये म्हणून. पण माणसाला ओलीत करायचं असतं, पिकाला पाणी द्यायचं असतं. तो वैतागतो आणि बटण उडू नये म्हणून त्यात आगपेटीची काडी खोचतो. मग मोटार चालते, चालते आणि एकदाची भस्म होते. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "नाही बा, काडी कायले घालू?" मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. माझं तोंड खराब आहे हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.

माझी पोरगी कम्प्युटर शिकली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला परीक्षेला घेतलं. सकाळी अकराला, दोन तास, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. नियम असा की ज्या लॅपटॉपवर नाव नोंदवलं त्याच लॅपटॉपवरून परीक्षा द्यायची, ऐन वेळी दुसरं मशीन चालणार नाही. हे एक पार पडलं की नोकरी जवळपास हातात. लॅपटॉप आम्ही रिसोडहून जुना घेतलेला. घरात रेंजची बोंब. मोबाइलचं नेट जोडलं की पाच मिनिटांत पडद्यावर नुसतं चाक फिरत बसतं.

ती म्हणाली, "बाबा, मी रिसोडले मावशीकडे जाऊन परीक्षा देईन. त्यायच्या घरी वायफाय आहे."

झालं, माझं डोकं सटकलं. तिच्या मावशीचा नवरा, म्हणजे माझा साडू, एका बारशात चारचौघांत बोलला होता, "पोरगी कम्प्युटरवाली अन् घरात रेंज नाही." सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला झोंबलं होतं. मी पोरीला म्हणालो, "काही जायचं नाही कोनाच्या दारात. आपल्या घरी बसून देशील."

लॅपटॉपला सिम घालायची खाच होती; त्यातून रेंज मोबाइलपेक्षा चांगली धरते असं मी ऐकलं होतं. आत कार्ड मात्र नव्हतं, म्हणजे सिमवर नेट चालवणारी ती बोटभर पट्टी. विकतानाच रिसोडच्या दुकानदार भाईनं सांगितलं होतं, "भाऊ, ह्याच्यात कोन्तंही कार्ड नका टाकू. हे मशीन त्याच्या यादीतलंच कार्ड घेते." मी ह्या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. पट्टीच ती, तिची कसली यादी! ऑनलाइन कार्ड मागवलं. ते परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आलं.

दुकानातच टेबल पुसून बसलो. स्क्रू काढले, कार्ड बसवलं, केसासारख्या दोन वायरी टोचल्या. मोठ्या ऐटीत पोरीला हाक मारली आणि बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या इंग्रजीत एक ओळ. पोरीनं वाचून सांगितलं, "हे कार्ड मंजूर नाही म्हणते. मशीन बंद करा अन् कार्ड काढा म्हणते."

"मंजूर नाही म्हंजे? लॅपटॉप माहा, कार्ड माहं, सिम माहं. हा कोन टिकोजीराव?"

कार्ड काढलं, लॅपटॉप गुमान चालू. घातलं की पुन्हा तीच ओळ. असं चारदा झालं. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई साखरेसारखी गोड बोलली, "सर, हे कार्ड आमच्या यादीत नाही." मी म्हटलं, मग यादीत घाला. "सर, ते आमच्या हातात नाही." मी भांडलो, विनवलं, पुन्हा भांडलो. ती आपली तेच वाक्य, तेवढ्याच गोडीनं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? माझा आवाज चढत गेला आणि जोर मात्र उतरत गेला. शेवटी फोन मीच ठेवला.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात एक माणूस सांगत होता की मशीन फक्त चालू होतानाच कार्ड तपासतं. म्हणून आधी कार्डाशिवाय चालू करा, मग स्लीपवर टाकून झोपवा आणि तसंच झोपेत कार्ड सरकवा. म्हणजे वीज आत आहेच, आणि आपण हात घालायचा.

पोरगी म्हणाली, "बाबा, राहू द्या नं. अजून मशीन चांगलं आहे. सकाळच्या जीपनं मी जाईन."

"तू गप. तीस वर्सं झाली, मी हेच करून राह्यलो."

कार्ड तिरकं गेलं. चट्‌ असा बारीक आवाज झाला आणि वास आला. तो वास कशाचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिनं बटण दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग हात बाजूला घेतला. मी म्हणालो, "सकाळी भाई देते चालू करून." संध्याकाळी ती ओट्यावर वही घेऊन अभ्यासाला बसली. जिची परीक्षा बुडाली असं मला कळून चुकलं होतं, ती माझ्या शब्दावर अभ्यास करत होती. मला तिकडं बघवेना.

सकाळच्या पहिल्या जीपनं आम्ही दोघांनी रिसोड गाठलं. भाईनं लॅपटॉप उघडला, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. मग मान वर न करता विचारलं, "भाऊ, चालू मशीनमंधी लावलं का कार्ड?"

"नाही बा," मी म्हणालो, "चालू मशीनमंधी कायले लावू?"

बोलून गेलो आणि माझंच मला ऐकू आलं. भाई ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तर भर दुकानात माणसाची इज्जत काढतो. त्यानं फक्त भिंग पुसलं.

"माह्याकडून झालं, भाई," पोरगी म्हणाली. "मीच लावलं."

"होते बेटा," भाई म्हणाला, आणि पुन्हा मशीनवर वाकला. खरं कोणी केलं ते त्याला कळलं होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. ती माझ्या शेजारी उभी, माझा गुन्हा अंगावर घेऊन, आणि मी घड्याळ पाहत उभा. त्यानं साडेदहापर्यंत खटपट केली. शेवटी म्हणाला, बोर्डच गेला. पोरीनं पुण्याच्या कंपनीला फोन लावला, हात जोडल्यासारखं बोलली. तिकडूनही नियमच सांगितला. अकरा वाजले तेव्हा आम्ही दोघं दुकानाच्या बाकावर बसलो होतो.

परतीच्या जीपमध्ये मी चारदा तोंड उघडलं. चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. लोकांवर ओरडायला हेच तोंड कसं सपासप चालतं! केनवड जवळ आलं तेव्हा तीच बोलली. रागानं नाही, घरात तेल संपलं असं सांगावं तसं.

"बाबा, पुढं कोन्ती परीक्षा आली, तर तुमाले झाल्यावरच सांगीन."

मी म्हणालो, "बरं."