हळदीच्या कॅसेटमधला आवाज

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, सांभाळून घ्या. चौथीनंतर शाळा सुटली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – घरधन्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट कळत नाही.

आमचं गाव शिंदखेड्याजवळ. बियाण्यासाठी शेंगा फोडायला आम्ही बायका दुपारी ओट्यावर बसायचो आणि गायचो. ठरवून काही नाही. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. पुढे मात्र नेहमी अक्का – माझी थोरली जाऊ. तरुणपणीच विधवा झालेली. हळदीची गाणी ती बसल्या जागी रचायची. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले की म्हणायची, "शेंगा फोड वं, गाणं काय पळी जाई का?"

धुळ्याचा एक कॅसेटवाला गावात लग्नाला आला होता. त्याने ऐकलं. पुढच्या आठवड्यात टेपरेकॉर्डर घेऊन आला, पालथ्या टोपलीवर ठेवला आणि आमचं गाणं, हसणं, टरफलांचा आवाज, सगळं भरून घेतलं. जाताना मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, यातली हळदीची गाणी निवडतो, धुळ्याला येऊन पेटी-ढोलकीवर नीट गा, कॅसेट काढू. पुढे अक्का गाईल. मी हळूच विचारलं – विधवा आहे, चालेल? तो हसला. "कॅसेटमध्ये कपाळ दिसत नाही, वहिनी."

एवढं सरळ होतं. मग मी काय केलं?

त्याला म्हणाले, अक्का यायला तयार नाही. अक्काला म्हणाले – तो म्हणतो, हळदीत विधवेचा आवाज नको.

मला पुढे गायचं होतं. चारचौघांत नाव सांगतानाही घाम फुटायचा मला – आणि हे खोटं मात्र एका दमात बोलले.

अक्काने हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "त्यानं खरं शे. गानं तू गाय. मी शे ना तुना मांगे." आणि तिने मला सगळे शब्द पाठ करून दिले. कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा, तेसुद्धा.

अक्का घरीच राहिली, आम्ही बाकीच्या धुळ्याला जाऊन गायलो. कॅसेट निघाली. लग्नालग्नांत वाजू लागली. लोक म्हणायचे, काय आवाज आहे. मला त्यात माझा आवाज ऐकूच येत नाही – ओळ सुरू होण्याआधी श्वास ऐकू येतो, आणि तो तिचा असतो. तुम्ही म्हणाल भास. असेल. पण अक्का ओट्यावर परत कधी गायली नाही. ओठ मिटून शेंगा फोडायची.

कॅसेटवाल्याने पुढे गाणारीचे म्हणून दिलेल्या पैशांची मी सोन्याची पोत केली होती. अक्काच्या मुलीच्या हळदीला ती मोडली. मांडवात तीच कॅसेट लागली होती. अक्का आतल्या खोलीत, दार लोटून बसलेली. मी तिच्या हातात पैसे ठेवले.

"हाई काय शे वं?"

म्हणाले, गाण्याचे. तुझेच होते.

ती म्हणाली, "पन त्यानी त माले नको म्हनं व्हतं."

बाहेर कर्ण्यावर मी गात होते. आत मी काहीच बोलले नाही. तिने नोटा पदराच्या गाठीत बांधल्या.

अक्का आता नाही. पैसे तेवढे पूर्ण दिले.