अंधेरीच्या ड्रॉवरमधली गोळी

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हो मॅडम, रोज," स्नेहल म्हणाली. तिच्या ड्रग लेव्हलचा रिपोर्ट माझ्या हातात होता. रक्तात औषध किती आहे ते त्यातून कळतं. तिच्या रक्तात ते नावापुरतंच होतं.

मी बोरिवलीत न्यूरॉलॉजिस्ट आहे. स्नेहल कॉलेजपासून माझी पेशंट. रोज सकाळी एक गोळी, आणि फिट येणं पार थांबलेलं. लग्नानंतर मात्र दोनदा आली. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर, आता गणपतीच्या. या वेळी तर पेटत्या गॅससमोर. सासूबाईंनी मागे ओढलं म्हणून निभावलं.

"सुट्टीनंतरच कशी गं येते?" मी विचारलं.

ती रडायलाच लागली. आईने बजावलं होतं, सासरी बोलायचं नाही. म्हणून गोळ्या अंधेरीला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. ऑफिस बंद की गोळी बंद. सासूबाईंना सांगितलं होतं, चक्कर येते. त्या बाहेरच बसल्या होत्या.

"सांगून टाक त्यांना."

"संसार मोडेल मॅडम."

मला तिच्या आईचा भयंकर राग आला. पण पेशंटच्या परवानगीशिवाय डॉक्टरने घरच्यांना काही सांगायचं नसतं. "पुढच्या वेळी गॅससमोर मागे ओढायला कोणी नसलं तर?" एवढंच मी विचारलं. स्नेहल डोळे पुसून म्हणाली, "बोलवा त्यांना. मीच सांगते."

सासूबाई आल्या. पोरीने एका दमात सगळं सांगितलं. तिच्या हिमतीचं मला आजही कौतुक वाटतं. आता भडका उडणार, असं धरून मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

सासूबाईंनी तो पिऊन टाकला. "आमच्या जेवणाच्या टेबलावर गोळ्यांचा डबाच असतो, मॅडम. माझी बीपीची, ह्यांची शुगरची, मुलाची थायरॉइडची. आणि ही गोळी खायला अंधेरीला जाते. येडी आहेस का गं?"

"आई, सॉरी."

"राग आलाय मला. तुझ्या आईशी बोलणार आहे मी, सोडणार नाही. ते नंतर." मग माझ्याकडे वळून, "चहाच्या आधी द्यायची की नंतर?"

"कधीही चालेल. चुकवायची मात्र नाही."

"माझ्यासमोर घेईल."

त्यानंतर स्नेहलला फिट आलेली नाही. तिची गोळी त्याच डब्यात असते. चुकलीच, तर अख्खं घर ओरडतं म्हणे.

औषध मध्येच सुटलं की पेशंट बेफिकीर आहे, असं आम्ही डॉक्टर पटकन म्हणून मोकळे होतो. मी आता नव्या सुनांना 'गोळी घेतेस का' असं विचारत नाही. गोळी ठेवतेस कुठे, ते विचारते.