गावदेवीसमोर मिटलेली केस

मानकोलीच्या गोदामात मला सुपरवायझरची नोकरी लागली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा होता. मी ऐटीत ऑनलाइन अर्ज भरला आणि तो फेटाळला गेला. मग एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी चौकशी करून सांगितलं, "तुमच्यावर मारामारीची केस चालू आहे. वॉरंट निघालंय. तुम्ही फरार आहात." फरार म्हणे! मी तर रोज संध्याकाळी कोन गावच्या नाक्यावर सगळ्यांसमोर वडापाव खात होतो.

सात वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून धाकट्या काकाशी माझी जुंपली होती. मी त्याला ढकललं, तो दगडावर पडला, कपाळाला दोन टाके पडले. त्याने तक्रार केली. कोर्टाच्या दोन तारखा झाल्यावर गावातल्या मोठ्यांनी आम्हाला गावदेवीसमोर बसवलं. नारळ फोडला, आम्ही एकमेकांना खोबरं भरवलं. झालं, मिटलं! देवीपुढे मिटलेलं पुन्हा कोर्टात काय न्यायचं, या समजुतीने ना काका गेला, ना मी. पुढे मी शहरात खोली घेऊन कापडाच्या लूमवर कामाला लागलो, त्यामुळे कुठलाही कागद माझ्यापर्यंत पोचला नाही.

"नारळ फोडलात ते छान केलंत," वकीलबाई म्हणाल्या, "पण कोर्टाला सांगायचं कोणी?"

त्यांनी अर्ज करून आधी वॉरंट रद्द करून घेतलं. आता तडजोडीसाठी काकाने स्वतः येऊन न्यायाधीश साहेबांपुढे बोलायला हवं होतं. गोदामवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते.

काकाकडे गेलो तर तो कोयत्याने शेताच्या कुंपणाची वई साफ करत होता. सगळं ऐकून म्हणाला, "येतो." वर पाहिलंसुद्धा नाही. त्या एका शब्दावर मी आठवडा काढला, पण धड झोप लागली नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनातही अढी होती. तक्रारीत त्याने सगळा दोष माझ्यावर टाकला होता. आधी कानाखाली त्यानेच मारली होती, ते तिथे नव्हतंच. खोबऱ्याबरोबर मी तेही गिळलं होतं.

तारखेला बारा वाजले तरी काकाचा पत्ता नाही. फोन बंद. शिपायाने माझं नाव पुकारलं तेव्हा मी एकटाच पुढे झालो. वकीलबाईंनी थोडा वेळ मागून घेतला. आता नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो होतो.

एवढ्यात काका आला. धुतलेला सदरा, घामाने भिजलेला. "ट्रॅफिक हाय रे, पायी आलू," एवढंच बोलला.

साहेबांनी विचारलं, "तक्रार मिटवायची आहे ना? कुणाचा दबाव नाही ना?"

"न्हाय साहेब. देवीसमोर कवाच मिटलंय." मग त्याने साहेबांपुढच्या कागदाकडे बोट दाखवलं. "पन एक लिवा. पयला हात मीच उचलला व्हता."

साहेब म्हणाले, त्याची आता गरज नाही, सही करा.

मी निर्दोष सुटलो. हुकुमाची नक्कल नव्या अर्जाला जोडली, दाखला मिळाला, नोकरीही टिकली. ती नक्कल मी पुन्हा पुन्हा वाचली. काकाचं ते वाक्य तिच्यात कुठेच नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं.