दोन पोळ्या आणि लग्नातला कोट

माझ्या साडूने भात सोडला, ही बातमी आमच्या घरी कुणी संन्यास घेतल्यासारखी आली. माणूस चेन्नईतल्या मैलापूरचा, घराणं तंजावरी मराठी, आणि दहीभाताशिवाय जेवण संपलं असं न मानणारा. "अस्की सोडलों, अण्णा," तो म्हणाला. अस्की म्हणजे सगळं. भात, इडली, साखर, सगळं. दह्यात आता तो भाताऐवजी किसलेला कोबी कालवायचा आणि वर मोहरीची फोडणी द्यायचा. चार महिन्यांत त्याची हनुवटी एकच उरली. बाकीच्या मला मिळाल्या, असा माझा संशय आहे.

तोवर मला त्याचा हेवा वाटत नव्हता, असं मी ठामपणे सांगत होतो. मग एका रविवारी तो बायकोला घेऊन आमच्याकडे पेरुंगुडीला जेवायला आला आणि माझ्या बायकोने कपाटातून माझा लग्नातला कोट बाहेर काढला. मोतिया रंगाचा, जोधपुरी.

"आमच्या मामेभावाच्या लग्नात यांना छान दिसेल," ती साडूकडे बघत म्हणाली. "नाहीतरी नुसता टांगून ठेवलाय."

"टांगून नाही, जपून ठेवलाय," मी म्हणालो. "मी घालणार आहे तो."

"अहो, कशावर? या पोटावर?"

मेहुणी फिस्सकन हसली. साडू हसला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. शेवटी ठरलं ते असं. लग्नाला सहा आठवडे होते. आठवडाभर आधी ज्याला कोटाची सगळी बटणं लागतील, कोट त्याचा. साडूने लगेच माझ्या फोनवर त्याचं कॅलरी मोजायचं अ‍ॅप घातलं. आमचा दोघांचा एक गट केला. कोण काय खातो आणि किती घटतो ते दुसऱ्याला दिसावं, म्हणजे लाज वाटते, असं त्याचं शास्त्र होतं.

मीही भात सोडला. पण दुपारच्या दोन पोळ्या मला सुटेनात. म्हणून रोज इमानदारीने इंग्रजी अक्षरांत 'पोळी' टाइप करायचो, पहिलं नाव आलं की त्यावर बोट ठेवायचो आणि 'दोन' भरायचो. भरल्याबरोबर अ‍ॅप लालबुंद व्हायचं. दिवसभराचा कोटा दुपारीच खलास! गहू इतका घातकी असेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. मग रात्री काकडी. काकडी खाऊन झोप येत नाही, साडूचा राग मात्र भरपूर येतो. त्याच्या नावापुढे रोज हिरवी बरोबरची खूण. पनीर, कीरैची पालेभाजी, कोबी, हिरवी खूण. ती बघितली की संध्याकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये माझा हात आपोआप मेदुवड्याकडे जायचा. वडा मी लिहीत नसे. चटणी लिहायचो.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी साडूचा फोन आला. आवाज पडलेला.

"अण्णा, कुठल्या दुकानातून आणतां?"

"काय?"

"पोळी. रोज दोन. मी बघतों की."

"दुकानातून कशाला? बायको लाटते."

"अक्का रोज पोळी करते?" तो गाभाऱ्यात उभा असल्यासारखा बोलला. "आणि तरी तुमी बारीक होतां?"

काहीतरी बोलून मी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्या नोंदीवर बोट दाबून आत काय आहे ते पाहिलं. चित्र होतं. पिवळीधमक, तुपाने चकाकणारी, कडेने पुरण डोकावणारी. इतकी वर्षं चेन्नईत राहूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं की इथे पोळी म्हणजे पुरणाचीच. आपली रोजची पोळी इथे चपाती. तीन आठवडे मी कागदोपत्री दररोज दोन पुरणपोळ्या हाणत होतो, आणि माझा साडू रोज रात्री कोबी चावत ते वाचत होता.

सभ्य माणसाने तेव्हाच उलटा फोन केला असता. मी दुसऱ्या दिवशी 'दोन' खोडून 'तीन' लिहिलं. तिसऱ्या दिवशी नारळाची पोळी लिहिली. ती कशी लागते हेही मला माहीत नव्हतं. साडूच्या हिरव्या खुणा आधी पिवळ्या झाल्या, मग नोंदीच बंद पडल्या. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

ठरल्या रविवारी तो आला. कोट चढवला. वरची तीन बटणं लागली, चौथं पोटावर अडलं.

"तुमच्या पोळ्या बघून मी बिघडलों," तो मान खाली घालून म्हणाला. "मैलापुरात एक दुकान आहे. ऑफिसातून येताना रोज..."

"कुठल्या पोळ्या?" बायकोने विचारलं.

मी घाईघाईने कोट मागून घेतला. घातला. चौथं बटण लागलं! पाचवंही लागलं, फक्त श्वास घ्यायचा नाही, एवढी एकच अट होती. त्यामुळे बायकोने साडूचा फोन हातात घेऊन माझ्या तीन-तीन पोळ्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली तेव्हा मला तोंड उघडता येईना.

"तीन पुरणाच्या? आणि ही नारळाची कधी केली मी?"

शेवटी बटणं काढली आणि सगळं सांगितलं. चपाती, पुरण, वडा, सगळंच. साडू खो खो हसत सुटला. बायको हसली नाही. तिने कोट उलटा केला आणि शिवण चाचपली.

"आत दोन बोटं कापड सोडलंय. उसवलं की यांना आरामात बसेल."

"हे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस!"

"तुम्ही म्हणायचात, बसतोय. मी काय बोलणार?"

तिने तिथेच बसून शिवण उसवली, टाके घातले आणि कोट साडूच्या अंगावर चढवला. मी 'राहू दे, त्यालाच घालू दे' असं म्हणालो, पण ते कुणी विचारलंच नव्हतं. तो आरशासमोर पाठमोरा उभा राहिला. माझ्या कोटाची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. फार सुरेख शिवली होती.